विहिणीचं भजन

माय, तुझी ती चाल मागच्या महिन्यात तुझ्या नातीच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली. साड्यांना लेस लावताना तू तोंड मिटून जी गुणगुणायचीस, तीच. ती मला म्हणाली, "मम्मी, शब्द नकोत. आज्जी करायची तसं नुसतं ऊं ऊं कर." शब्द मला येतच नव्हते, त्यामुळे अडचण काही नव्हती. कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं आणि म्हटली. घसा जरा खरखरला, मध्येच भाजीवाल्याने हाक मारली म्हणून पुन्हा सुरुवात केली. झाल्यावर "बस, हवे रेवा दे", आता राहू दे, म्हणून ती मोबाइल घेऊन निघूनही गेली. ही पोरगी घरात मराठी बोलते, पण घाई झाली की गुजरातीवर जाते, आणि तिला कायमच घाई असते. तुझी नात आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

तिचं काय चाललंय ते तुला सांगायला हवं. कॉलेजात ती माणसाच्या मनाचा अभ्यास शिकते. शेवटच्या वर्षाला एक विषय घेऊन स्वतः काम करायचं असतं. तिने घेतलंय ते असं, की वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या, तिच्याच वयाच्या पोरापोरींना एकच गाणं कसं ऐकू येतं. त्यासाठी सुरतेसारखं गाव नाही. सुरती आहेत, सौराष्ट्रातले आहेत, लूमवरची ओडिया पोरं आहेत, यूपीवाले आहेत, आणि आपले खानदेशवाले तर गल्लोगल्ली. ही कडोदऱ्याच्या मेसमध्ये जाते, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसते, पांडेसऱ्याच्या चहाच्या टपरीवर उभी राहते. पोरांच्या कानात बिनशब्दांच्या चाली घालते आणि विचारते, या गाण्यात काय चाललंय, कोण गातंय, कशासाठी गातंय? मी म्हटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? रडकं गाणं रडकं आणि हसरं ते हसरं, बहिऱ्यालासुद्धा कळतं. ती नुसती नाकातून हसली.

पण तुझी चाल त्यात शिरली ती एका भांडणातून. पुढच्या शिक्षणासाठी तिला बंगळूरला जायचंय. प्रवेश मिळालाय. मी नाही म्हटलं. तुझ्या जावयाचं काय, तो मुलीपुढे बर्फासारखा विरघळतो, म्हणून नाही म्हणण्याचं काम माझ्याकडेच येतं. बंगळूर लांब, माणसं अनोळखी, हे सगळं बोलून झालं आणि तिचा हट्ट काही सुटेना, तेव्हा मी मनातलं बोलले. म्हटलं, "आपला मुलूख सोडून गेलेली बाई जन्मभर झुरते. मी माझ्या आईला झुरताना बघितलंय." ती म्हणाली, "आज्जी झुरत होती, हे तुला कोणी सांगितलं? आज्जीनं?" मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, तिच्या गाण्यात होतं ते. यावर ती म्हणाली, "मग ती चाल दे मला. बघू बाकीच्यांना काय ऐकू येतं ते." मी लगेच तयार झाले. मला वाटलं, जो तो म्हणेल ही बाई दुःखी आहे, आणि बंगळूरचा विषय तिथेच मिटेल.

माझ्या डोळ्यांपुढे तुझं चित्र एकच आहे, माय. पांडेसऱ्याची आपली खोली. दारासमोरच्या गटारातून साड्या रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं पाणी जातंय, एक दिवस गुलाबी तर एक दिवस मोरपंखी. बापू मिलमध्ये. तू उंबऱ्याजवळ, उजेडाला पाठ करून बसलेली, मांडीवर साडी आणि बाजूला शेठच्या टेम्पोने टाकलेलं साड्यांचं पोटलं. दोऱ्याचे कापलेले तुकडे तू ओठांत धरून ठेवायचीस आणि एकेक ओढून सुईत घालायचीस. तोंड उघडायची सोयच नव्हती. उघडलं आणि थुंकीचा एक शिंतोडा साडीवर पडला तर डाग पडायचा, आणि शेठचा माणूस ती साडी बाजूला काढायचा. म्हणून तुझं सगळं गाणं नाकातून. संथ, लांबवलेलं, वर चढून सावकाश खाली येणारं, आणि खाली आलं की थोडा वेळ तिथेच थांबणारं. मी शेजारी बसून अभ्यास करायची आणि मला वाटायचं, तू रडतेस. मी दोन्ही कानांनी सुरतेतलीच होते ना. शेजारच्या टीव्हीवर, समोरच्या पानवाल्याच्या टेपवर, सिनेमातल्या बाईचा नवरा मेला किंवा लेक सासरी निघाली की गाणं असंच वर जायचं आणि असंच खाली यायचं. मला रडणं कसं ऐकायचं हे त्या पानवाल्याने शिकवलं.

एकदा मी विचारलं होतं, माय, तू का रडते? तू सुई धरलेल्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारलीस आणि पोटल्याकडे बोट केलंस. मी काय समजले असेन? हिला रडण्यामुळे बोलताही येत नाही. तू मात्र सगळे दोरे तोंडातून काढून तळहातावर घेतलेस आणि म्हणालीस, "डोकं खाऊ नको. सुईमा दोरा टाक." मी दोरा घातला. तेव्हापासून तुझ्याकडचा सगळा दोरा मीच घालून द्यायची. मला वाटायचं, तेवढंच तुझं दुःख हलकं होत असेल.

या दुःखाचं कारणही मी शोधून ठेवलं होतं. बापूंची मिल बंद पडली तेव्हा ते म्हणाले होते, चला गावाकडे. तू म्हणालीस, "पोरनी दहावी व्हऊ दे, मंग देखू." दहावी झाली, बारावी झाली, मी मास्तरीण झाले, आणि ते 'मंग' काही आलं नाही. मी हिशेब मांडून टाकला की ही बाई माझ्यासाठी इथे अडकली आणि साड्यांवर वाकून गावाकडच्या आठवणीत झुरली. पहिल्या पगारात मी तुला टेपरेकॉर्डर आणून दिला आणि निवडून निवडून रडकी गाणी भरून दिली, कारण मला वाटलं तुला तीच आवडत असणार. तू पहिलं गाणं ऐकलंस. दुसऱ्याला म्हणालीस, "काय रडी रायनी हाई? भूक लागनी व्हई." तिसऱ्याला तुला झोप लागली. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी मला काही कळलं नाही. एखादी गोष्ट माणसाने ठरवली, की समोर हत्ती येऊन उभा राहिला तरी दिसत नाही.

तर तुझी नात पोरांची उत्तरं घेऊन आली. ओट्याशी उभी राहून शेंगदाणे खात सांगत होती. सुरती पोरं म्हणाली, हे तर हालरडुं, बाळाला झोपवायचं गाणं. मेसमधला एक ओडिया पोरगा म्हणाला, आमच्याकडे धानाचं रोप लावताना बायका असं काहीतरी म्हणतात, पाण्यात उभ्या राहून. यूपीचा म्हणाला, बिदाई. सौराष्ट्रातली एक मुलगी म्हणाली, म्हाताऱ्या बायका देवळात बसून म्हणतात तसलं आहे. आणि पांडेसऱ्यातच जन्मलेले आपले, ते म्हणाले, "सॅड रीलच्या मागे लावतात ना, तसं." मी म्हटलं, बघ, आपल्या पोरांना बरोबर कळलं. ती म्हणाली, "मम्मी, त्यांनी तर मोबाइलवर ऐकून सांगितलं. तूही तसंच केलंस, तुझ्या वेळचा पानवाला होता एवढंच." मला राग आला. शेंगदाण्याचा डबा मी तिच्या हातातून काढून घेतला.

मग ती म्हणाली, अजून एक राहिली. शिरपूरकडची मुलगी, इथे नर्सिंग शिकायला आलेली, सुरतेत येऊन थोडेच महिने झालेली. तिच्या कानात चाल घातली तर ती आधी इकडेतिकडे बघायला लागली, मग ओढणी तोंडावर धरून हसत सुटली. "ताई, हाई गानं आठे कथाईन उनं?" तुझ्या नातीला निम्मंच समजलं, हे गाणं इथे कुठून आलं एवढंच. तिने विचारलं, हसतेस का? ती म्हणाली, हसू नाही तर काय करू, हे पंगतीचं गाणं आहे. आमच्याकडे लग्नात ईहीन जेवायला बसली, म्हणजे मुलाची आई, की मुलीकडच्या बायका वाढता वाढता हे म्हणतात. तिची यथेच्छ टर उडवायची. पण म्हणायचं ते असं संथ, देवाचं म्हणतोय असं तोंड करून, आणि ईहीनीनेही खाली मान घालून जेवत राहायचं. जी आधी हसली ती हरली. तिने मोबाइलमध्ये म्हणूनही दिलं. नातीने मला लावून दाखवलं.

ईहीन जेवाले बसनी वं, मांडवमा बसनी.
तिनी लाडू लपाडात वं, पदरमा लपाडात.
इचारं तं म्हने कशी, देवले नेस वं, देवले नेस.

तीच चाल, माय. तसंच वर चढणं, तसंच सावकाश खाली येणं. खाली येऊन तू जिथे थांबायचीस, तिथे शब्द होते 'देवले नेस'. विहिणीने पदरात लाडू लपवलेत, आणि विचारलं तर म्हणते, देवासाठी नेतेय. ते थांबणं मला इतकी वर्षं हुंदका वाटत होतं. ते थांबणं विहीण हसते का हे बघण्यासाठी होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला तुझा राग आला. वाटलं, मी जन्मभर तुझं दुःख वाहिलं, तुझ्यासाठी दोरे ओवले, गावाकडे जायचा विषय निघाला की मान खाली घातली, आणि तू तिथे बसून लाडूचोर विहिणीवर गात होतीस? तोंडातले दोरे काढून एकदा सांगायचंस तरी. नात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पण मम्मी, हसरं गाणं म्हणणारी बाई आतून हसतच असेल, असं काही माझ्या अभ्यासातून निघत नाही हां. एवढंच निघतं, की रडकं ऐकलं ते तू." मोठी प्रामाणिक पोरगी आहे. जिंकत आलेला डाव हिने स्वतःच अर्धा सोडून दिला.

दोन दिवस मी आठवत बसले, की ती चाल तू नक्की कधी कधी म्हणायचीस. आणि एकेक दिवस वर यायला लागला. शेठचा माणूस साड्या तपासायला यायचा, प्रत्येक टाका नखाने उचकून बघायचा, तेव्हा तू तोंडात दोरे धरून ती म्हणायचीस. आत्या यायची आणि आपल्या खोलीला नावं ठेवत चहात साखर मागायची, तेव्हा तू स्टोव्हकडे तोंड करून ती म्हणायचीस. आणि मग तो दिवस आठवला, तेव्हा मी शाळेत, वर्गावर होते. पोरं निबंध लिहीत होती. मला एकदम हसू फुटलं, आणि पोरं माझ्याकडे बघायला लागली.

माझं लग्न आठव. सासर जालन्याकडचं, पण लग्न सुरतेतच, हॉलमध्ये. दारात बँड, आत बुफे. सगळे हातात ताटल्या घेऊन उभ्याने जेवले, विहीणही उभी, व्याहीही उभे, आणि तू एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होतीस. मला वाटलं लेक चालली म्हणून वाईट वाटतंय. आता वाटतं, तुझी पंगत गेली होती. एकुलती एक लेक, आयुष्यात एकदाच विहीण मिळणार, आणि ती हातात ताटली घेऊन पनीरच्या रांगेत उभी. कुणापुढे म्हणायचं ते गाणं? नंतर कधीतरी सासूबाईंना तू जेवायला बोलावलंस. पाट मांडलास. आपल्याकडे टेबल नव्हतंच, पण पाटही एरवी कुणासाठी निघत नव्हता. त्यांना बसवलंस, वरणभात वाढलास, लाडू वाढलेस, हो, माय, लाडूच, आणि वाढता वाढता तोंड मिटून ती चाल सुरू केलीस. तेव्हा तर तुझ्या तोंडात दोरे नव्हते. मी बाजूला उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, की ही आता सासूबाईंपुढे रडतेय. सासूबाई घास हातात धरून ऐकत राहिल्या. त्यांच्या माहेरी एकादशीच्या एकादशीला भजन. त्यांनी डोळे मिटले. झाल्यावर पदराने डोळे टिपले आणि तुझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, लई गोड भजन हाय. लई सोसलंय तुम्ही." तू हसली नाहीस. तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. तू त्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढलास. त्या गेल्यावर भांडी घासताना मला एवढंच म्हणालीस, "चांगली बाई शे तुन्ही सासू. पोटभर जेवनी."

म्हणजे तू दुःखी नव्हतीस? एवढं सोपं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मला दुसरंही आठवतंय. श्रावणात आपली कानबाई देवी माहेरपणाला येऊन बसायची. रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला सगळी गल्ली तापीवर निघायची. पुढे बँड, जोरात, उडत्या चालीचा, कानठळ्या बसवणारा. बायका फुगड्या घालायच्या, तूही घालायचीस, पदर खोचून, आणि घाटाशी येईपर्यंत तुझे गाल ओले झालेले असायचे. मी समजायची घाम आहे, नाहीतर भक्ती. एवढ्या नाचऱ्या गाण्यावर कोणी रडतं का? तुझ्या नातीला हे सांगितलं तर ती शेंगदाणे खायची थांबली. मलाही बोलता बोलताच कळलं. तू रडायचीस, माय, नाही असं नाही. माहेरी आलेली कानबाई परत जायची तेव्हा तू रडायचीस, वर्षातून एकदा, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, बँडच्या तालावर नाचत. बाकीचे सगळे दिवस शेठला, आत्याला आणि माझ्या सासूला तू दाराशी बसून पुरून उरलीस. मी तुझं रडणं बघत होते ते हसण्याच्या जागी, आणि रडलीस तेव्हा मी फुगे विकणाऱ्याकडे बघत होते.

मी नातीला म्हटलं, जा बंगळूरला. ती म्हणाली, "सिद्ध तर काहीच झालं नाही, मम्मी." मी म्हटलं, झालं नाही तर नाही. पण झुरशील असं सांगायला माझ्याकडे जो पुरावा होता तो गेला, आता कशावर अडवू? तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि लगेच काढले, तिला कुठेतरी जायचं होतं. मला वाईट वाटतंय, अजूनही वाटतंय, ती जाईल तेव्हा घर खायला उठेल. पण ते वाईट वाटणं माझं आहे. त्याला तुझी साडी मी आता नेसवणार नाही.

काल दुपारी सासूबाईंना जेवायला वाढत होते. त्या आता थकल्यात, दिसतं कमी, ऐकू मात्र चांगलं येतं. नात जाणार म्हणून त्याही हिरमुसल्या होत्या. घास चिवडत म्हणाल्या, "तुज्या मायचं ते भजन म्हन की गं. बरं वाटंल जिवाला." दर एकादशीला नाहीतर मन उदास झालं की त्या हे मागतात, आणि आजवर मी डोळ्यांत पाणी आणून म्हणत आले. काल ताटात लाडू होता. मी ठरवलं, तू म्हणालीस तसं म्हणायचं, चेहरा दगडाचा. तोंड मिटलं, सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलायला लागली. पहिली ओळ गेली. लाडू लपवायची ओळ गेली. शेवटी 'देवले नेस' वर येऊन थांबले, तू थांबायचीस तसं. तेवढ्यात सासूबाईंनी ताटातला लाडू उचलला, पदराच्या टोकात नीट बांधला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. संध्याकाळी देवाला दाखवीन."

मी हरले, माय. पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायला लागले. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "रडू नगं," म्हणाल्या, "पोरगी काय, येईल माघारी. आन् तुजी माय वरून बघतीया." मी दुसऱ्या हाताने त्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढला.

तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेली पत्रं तुला मीच वाचून दाखवायची, आणि हे टाकायला पत्ताही नाही, तेव्हा हेही मलाच वाचावं लागणार. म्हणून एक खरं लिहून ठेवते. सासूबाईंनी हात धरला तोवर मी हसत होते. धरल्यानंतरचं मला सांगता येत नाही.